श्रीमंत सयाजीराव महाराज : दानाला नियम लावणारा राजा

मनसब, योमिया, रुसूम हे शब्द आजच्या मुलांना कोशात पाहावे लागतील. हैदराबादेतील जुन्या मराठी घरांत मात्र एके काळी चूल याच शब्दांवर पेटत असे. कोणाला पणजोबांच्या तलवारीबद्दल मनसब, कोणाला देवाच्या पूजेबद्दल योमिया, तर कोणा देशमुख-देशपांड्यांना गेलेल्या वतनी कारभाराबद्दल रुसूम. रक्कम थोडी असो की मोठी, ती येत असे आणि तिच्यावर घर चालत असे. १९४८ साली संस्थान गेले, १९४९ साली जहागिरी गेल्या, आणि या आधारांवर उभी असलेली कितीतरी घरे एकाएकी उघडी पडली. त्या घरांतून पैसा गेला याचे दुःख होतेच. पण त्याहून मोठी अडचण निराळी होती. मागावे कसे, आणि कोणाकडे मागावे, हेच त्या घरांना ठाऊक नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून दागिना गुपचूप सराफाकडे जाई, त्यामागोमाग भांडी जात, आणि शेवटी मुलाचे शिक्षण थांबे.

अडचणीत आलेल्या घराला मदत कशी पोचावी, या प्रश्नाचा विचार ज्या एका संस्थानिकाने जन्मभर केला, त्याचे चरित्र या दृष्टीने फारसे वाचले जात नाही. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड, तिसरे, यांना आपण विद्येचे व कलेचे आश्रयदाते म्हणून ओळखतो. त्यांचे ग्रंथालय, त्यांची व्याख्याने, त्यांचा लक्ष्मीविलास राजवाडा यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. परंतु त्यांच्या कारकिर्दीचा एक धागा असा आहे की, जो धरून चालले असता राजाच्या मर्जीचे दान हळूहळू प्रजेच्या हक्काची मदत कशी होत गेली ते दिसते; आणि ते पुरते झाले नाही हेही दिसते.

सयाजीरावांचा जन्म १८६३ सालच्या मार्च महिन्यात नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव हे गायकवाडांच्या एका दूरच्या शाखेतले; वंश राजाचा, पण धंदा शेतीचा. गावाकडच्या शेतकऱ्याच्या मुलाचे जे बालपण असते तेच या मुलाचे होते. पावसाने ओढ दिली तर काय होते, बी-बियाणाला पैसा कोठून येतो, सावकाराच्या वहीत नाव एकदा चढले की ते उतरत का नाही, हे त्याच्या आसपास घडतच होते. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्याचे शिक्षण असे काही झालेच नव्हते.

इकडे बडोद्यास मल्हारराव महाराजांचा कारभार बिघडला होता. त्यांच्या आधीच्या खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा ओतवल्या. मल्हाररावांनी सोन्याच्या ओतवल्या. तोफा सोन्याच्या आणि रयत कर्जात, अशी ती स्थिती. रेसिडेंटावर विषप्रयोग केल्याच्या आरोपाची चौकशी होऊन १८७५ च्या एप्रिलमध्ये मल्हारराव पदच्युत झाले. खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली, आणि २७ मे १८७५ रोजी कवळाण्याचा गोपाळराव बडोद्याचा सयाजीराव झाला. मुलांना येण्याचे कारण विचारले तेव्हा या एकाने आपण राज्य करायला आलो आहोत असे बेधडक सांगितले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पुढची साठ वर्षे त्याने ती खरी करून दाखविली.

अज्ञान राजाच्या वतीने दिवाण सर टी. माधवराव कारभार पाहू लागले. हे माधवराव तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, कुंभकोणमला जन्मलेले. त्रावणकोर आणि इंदूर या दोन संस्थानांची दिवाणगिरी करून ते बडोद्यास आले होते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाने परमुलखात कसे नाव काढावे याचे ते उदाहरणच होते. त्यांनी विस्कटलेला खजिना सावरला, न्यायालये व खाती बसविली. तरुण राजाला इलियट यांच्यासारखे शिक्षक मिळाले. बारा वर्षे पाटीला हात न लावलेला मुलगा सहा वर्षांत राज्यकारभाराची कागदपत्रे वाचू लागला. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते.

अधिकार हाती येताच जुन्या दानधर्माचा प्रश्न त्यांच्यासमोर आला. बडोद्यात ब्राह्मणांना रोज खिचडी वाटण्याची जुनी चाल होती. श्रावणमासात दक्षिणा मिळे. सणावारी देणग्या असत. आपल्याकडच्या सदावर्त-खैरातीसारखाच तो प्रकार. कोणी उपाशी राहू नये ही मूळ भावना थोर होती यात संशय नाही. परंतु पुढे पुढे जो रांगेत आधी उभा राहील त्याला शिधा, ज्याची ओळख त्याला दक्षिणा, अशी गत झाली. खरी गरज असलेली विधवा पडद्याआड बसे आणि तोंड वर करून मागणारा दोन वेळा घेऊन जाई. महाराजांनी हे दान एकदम बंद केले नाही. त्याला कसोटी लावली. दक्षिणेसाठी परीक्षा आली, खर्चाला मर्यादा आली, आणि पैशाचा ओघ शाळा, शिष्यवृत्त्या व उपयोगी कामांकडे वळला. पुढे तर पुरोहितालाही परीक्षा देऊन सनद घेण्याचा कायदा १९१५ साली झाला. या सुधारणांनी पुष्कळ लोक रुष्ट झाले. ज्याचे फुकटचे ताट ओढले जाते तो राजाला धर्मबुडवा म्हणणारच. पण दान घेणाऱ्याची योग्यता आणि गरज पाहून द्यावे, आणि कोणाला का दिले ते दप्तरात लिहिलेले असावे, ही गोष्ट बडोद्यात तेव्हापासून रुजली.

हा नियमाचा आग्रह गाण्याबजावण्याच्या क्षेत्रातही आला, आणि आम्हा गाणे शिकविणाऱ्यांना त्यात विशेष गोडी वाटणे साहजिक आहे. दरबारी गवयाची पूर्वीची मिळकत म्हणजे मर्जीचा खेळ. महाराज खूष झाले तर शालजोडी, नाही तर महिनोन्‌महिने काही नाही. बडोद्यास कलावंतांचे एक वेगळे खातेच होते. सयाजीरावांच्या अमदानीत त्या खात्याचे लेखी नियम झाले. कोणाचा पगार किती, गायनाची पाळी केव्हा, रजा कशी मिळावी, परगावी गाण्यास जाताना परवानगी कोणाची घ्यावी, चुकल्यास दंड किती, हे सारे ठरले. ख्यातनाम उस्तादांना हे जाचले असेल. भैरवीला आणि हजेरीपटाला एका खोलीत बसविणे सोपे नाही. परंतु त्या उस्तादाच्या बायकोच्या बाजूने पाहा. पहिल्या तारखेला ठरलेला पगार घरात येणार, हा भरवसा तिला पूर्वी कधी मिळाला होता? १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली महाराजांनी गायनशाळा काढली आणि गाणे घराण्यांच्या चार भिंतींतून सामान्यांच्या मुलांपर्यंत आणले. शिकविणाऱ्यालाही त्यातून नोकरी मिळाली.

याच मौलाबक्षांचे नातू इनायतखां. ते बडोद्यास वाढले, त्या गायनशाळेत शिकले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या हैदराबादेस आले. मीर महबूब अली खां यांच्यासमोर त्यांचे गाणे झाले आणि निजामांनी त्यांचा मोठा सन्मान केला, ही कथा जुने संगीतप्रेमी सांगत. त्या दोन दरबारांतला फरक येथे नेमका दिसतो. हैदराबादची उदारता दिलदार होती, ती एका रात्रीत माणसाला निहाल करी. बडोद्याची उदारता रूक्ष होती, पण ती दर महिन्याला येई. कलावंताच्या कीर्तीला पहिली शोभते. त्याच्या घराला दुसरी पुरते.

बडोदे शहरात नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती मोठी होती. कारकून, शिक्षक, वकील, पेन्शनर असा तो मध्यमवर्ग. पगार बेताचा, नातेवाईक दूर दक्षिणेत किंवा कोकणात, आणि मुंज-लग्न-आजारपण आले की दार सावकाराचे. हैदराबादच्या सुलतानबाजार-काचीगुड्याकडच्या मराठी माणसाला ही स्थिती निराळी समजावून सांगायला नको. या वर्गातील काही लोकांनी ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन केली. सभासदांनी थोडे थोडे पैसे एकत्र ठेवायचे आणि ज्याला नड असेल त्याला माफक व्याजाने त्यातून कर्ज द्यायचे, अशी साधी योजना. इंग्रजी मुलखात सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ साली झाला. म्हणजे बडोद्याच्या मराठी मंडळींनी कायद्याची वाट न पाहता पंधरा वर्षे आधीच हे काम सुरू केले होते. हिंदुस्थानातील सहकाराचा इतिहास लिहिताना या मंडळीचे नाव अगदी आरंभी घ्यावे लागते.

युरोपात हाच विचार थोडा आधी जन्माला आला होता. इंग्लंडमधील रॉचडेल गावच्या विणकरांनी १८४४ साली सहकारी दुकान काढले. जर्मनीत राइफायझेन नावाच्या एका गावच्या कारभाऱ्याने दुष्काळाच्या वेळी आधी श्रीमंतांकडून देणग्या गोळा करून गरिबांना वाटून पाहिले. अनुभवाने त्याला कळले की देणगी आटते आणि घेणारा मिंधा राहतो. मग त्याने गरजवंतांनाच एकत्र करून पतपेढ्या काढल्या. एकाची जबाबदारी सर्वांची, सर्वांची जबाबदारी एकाची, हे त्यांचे सूत्र. बडोद्याच्या मंडळीने अन्योन्य हा जो शब्द निवडला, त्यात हे सगळे तत्त्व सामावले आहे. येथे घेणारा आणि देणारा असे दोन पक्षच नाहीत. आज मी तुझ्या पैशाने मुलीचे लग्न करीन, उद्या तू माझ्या पैशाने वडिलांचे औषधपाणी करशील. यात कोणाची मान खाली जात नाही.

मंडळी राजाने काढली नाही, ही त्यातली खरी महत्त्वाची गोष्ट आहे. राजाने काय केले? शाळा काढल्या, नोकऱ्या दिल्या, हिशेब लेखी ठेवण्याची सवय लावली, आणि चार शहाणी माणसे एकत्र येऊन काही करू म्हणाली तर त्यांच्याकडे संशयाने न पाहण्याचे धोरण ठेवले. एवढे झाले की लोक आपले आपण उभे राहतात. आमच्या हैदराबाद संस्थानात सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९१४ साली झाला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

सयाजीरावांच्या कारकिर्दीची सर्वांत कठोर परीक्षा छप्पनच्या दुष्काळाने घेतली. संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९००. गुजरातेत पाऊस पडला नाही, गुरे मेली, आणि त्यामागून पटकी आली. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे संस्थानची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. दहा वर्षांत लोक वाढण्याऐवजी साडेचार लाखांहून अधिक घटले. काही गाव सोडून गेले, पुष्कळ मेले. महाराज स्वतः दुष्काळी भागात फिरले आणि त्या दौऱ्याची टिपणे त्यांनी पुढे १९०१ साली छापून प्रसिद्ध केली. राजाने आपल्या राज्यातील उपासमारीची टिपणे स्वतः छापावीत, ही साधी गोष्ट नाही.

दुष्काळी कामे निघाली, तगाई दिली गेली, अन्नछत्रे चालली. तरी एवढे लोक गेले. याचे कारण समजून घेणे जरूर आहे. मदत होती, पण ती कामाच्या जागी होती. तेथवर चालत जाण्याची ताकद ज्यांच्यात उरली नव्हती, लाजेने जे घराबाहेर पडले नाहीत, ज्यांना तगाईचा अर्ज कोणाकडे करायचा ते कळले नाही, त्यांच्यापर्यंत ती पोचली नाही. मदत असणे वेगळे आणि मदत सापडणे वेगळे. अक्षरओळख नसलेल्या माणसाला सरकारी जाहीरनामा आणि कोरा कागद सारखाच.

महाराजांच्या शिक्षणविषयक धोरणाकडे या बाजूनेही पाहता येते. १८९३ साली अमरेली व आसपासच्या नऊ गावांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला होता. १९०६-०७ साली तो सबंध संस्थानात लागू झाला. त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात अशी गोष्ट कोठेही नव्हती. शिक्षणाचे इतर लाभ काही असोत, वाचता येणाऱ्या कुळाला आपल्या नावाची पावती वाचता येते आणि आपल्या हक्काचा अर्ज लिहिता येतो, हा लाभ घराच्या उंबऱ्याच्या आतला आहे.

२० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. सर विठ्ठलदास ठाकरसी, लल्लूभाई सामळदास अशा व्यापारी व अर्थज्ञ मंडळींचा तिच्या स्थापनेत हात होता. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, २८ सप्टेंबर १९०८ रोजी, आपल्या मुसा नदीला तो भयंकर पूर आला. हजारो माणसे गेली, आणि जी वाचली त्यांच्यापैकी कित्येकांची आयुष्यभराची पुंजी भिंतीत, हंड्यात, जमिनीत पुरलेली होती, ती चिखलाबरोबर वाहून गेली. एकाच वर्षातल्या या दोन घटनांचा परस्पर संबंध काही नाही. तरी त्या शेजारी ठेवून पाहिल्या की घरातला पैसा घराबाहेर सुरक्षित ठेवण्याची सोय म्हणजे काय ते समजते. बडोद्याची ती बँक १९६९ साली राष्ट्रीयीकृत झाली आणि आजही चालू आहे.

महाराजांनी व्यक्तींना केलेल्या मदतीच्या कथा पुष्कळ आहेत. त्यांतील तीन येथे सांगतो, कारण त्या तिन्हींत मदत देणारा एकच असला तरी शेवट निरनिराळे आहेत.

पहिली जोतीराव फुले यांची. १८८८ साली जोतीरावांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. ज्याने आपली मिळकत समाजकार्यात घातली त्याच्या घरी औषधाला पैसा उरला नाही. सयाजीरावांशी त्यांचा स्नेह होता, पण जोतीराव स्वतः हात पसरणारे नव्हते. अखेर मामा परमानंद यांनी १८९० च्या जुलैअखेर महाराजांना त्यांच्यासाठी पत्र लिहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. बडोद्याची मदत त्या घरापर्यंत पोचली ती त्यांच्या मागे. राजा उदार होता, मध्यस्थ प्रामाणिक होता, घेणारा सर्वथा पात्र होता. तरी कागदाच्या चालीला आजाऱ्याच्या श्वासाची घाई नसते. नियमाने चालणाऱ्या मदतीतला हा दोष तेव्हाही होता आणि आजही आहे.

दुसरी विठ्ठल रामजी शिंदे यांची. जमखिंडीच्या गरीब घरातला हा बुद्धिमान मुलगा पुण्यास शिकत होता. गंगारामभाऊ म्हस्के यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी १८८५ साली शिक्षणसंस्था काढून शिष्यवृत्त्यांची सोय केली होती. तिच्या आधाराने आणि पुढे सयाजीरावांकडून मिळालेल्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीने शिंद्यांचे शिक्षण निभावले. वकील होण्यासाठी मिळालेल्या त्या साहाय्यातून पुढे वकील निघाला नाही. अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य वेचणारा महर्षी निघाला. दिलेल्या पैशाचे पीक कोणत्या शेतात येईल ते देणाऱ्याला सांगता येत नाही.

तिसरी भीमराव आंबेडकरांची. मॅट्रिक झालेल्या भीमरावाचे पुढचे शिक्षण पैशाअभावी अडले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला सयाजीरावांकडे नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली ते बी. ए. झाले. १९१३ च्या जूनपासून तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. करार लेखी होता: परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. १९१७ साली करार पाळण्यासाठी ते बडोद्यास आले, तर त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात त्यांनी आसरा घेतला, तेथूनही जमावाने त्यांना बाहेर काढले. कचेरीतले शिपाई कागद त्यांच्या हातात न देता टेबलावर फेकत. थोड्याच दिवसांत ते बडोदे सोडून गेले. सातासमुद्रापलीकडे दर महिन्याला पैसा बिनचूक पोचविणाऱ्या राज्याला स्वतःच्या राजधानीत एका माणसाला छप्पर देता आले नाही. खजिन्यातून पैसा निघतो. माणसाच्या मनातला विटाळ तेथून निघत नाही.

या तिन्ही कथांत एक माणूस समान आहे, आणि त्याच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. मामा परमानंद, गंगारामभाऊ म्हस्के, केळुसकर गुरुजी. यांपैकी कोणाच्या हाती राज्याचा खजिना नव्हता. त्यांना एवढेच ठाऊक होते की दार कोठे आहे, ते केव्हा उघडते आणि तेथे काय लिहून न्यावे लागते. केळुसकर गुरुजी मुंबईच्या बागेत वाचत बसणाऱ्या एका मुलाकडे लक्ष देते ना, तर बडोद्याची शिष्यवृत्ती बडोद्यात राहिली असती आणि भीमराव मुंबईत. दात्याची कीर्ती शिलालेखावर जाते. दार दाखविणाऱ्याचे नाव फार तर एखाद्या चरित्राच्या पानावर राहते.

महाराजांचा उत्तरकाळ सुखाचा गेला असे म्हणवत नाही. पुत्रशोक झाला, प्रकृतीमुळे वर्षातले कित्येक महिने परदेशी काढावे लागले, इंग्रज सरकारची वक्रदृष्टी होती. त्यांच्या परदेशवासावर टीका होई आणि ती अगदीच निराधार नव्हती. राजा दूर असला की दप्तर मंद चालते. तरी कामाचा धागा सुटला नाही. १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्यामागे पंडित भातखंडे यांची खटपट होती आणि महाराजांचा आश्रय. कारकिर्दीचा हीरक महोत्सव १९३६ च्या आरंभी झाला. त्या वेळी हत्ती-घोड्यांच्या मिरवणुकीपेक्षा मोठी बातमी ही होती की महाराजांनी खेड्यांच्या उन्नतीसाठी एक कोटी रुपयांचा निधी अलग काढला. कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या मुलाने साठ वर्षांच्या राज्यानंतर हिशेब पुन्हा खेड्यापाशी आणून मिळविला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागे संस्थान दहा वर्षे टिकले. १९४९ साली बडोदे विलीन झाले, त्याच साली त्यांच्या नावाचे विद्यापीठ सुरू झाले. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४० साली गरिबांच्या मुलांसाठी जे मोफत वसतिगृहयुक्त हायस्कूल काढले त्यालाही सयाजीरावांचेच नाव दिले. अन्योन्य मंडळी पुढे सहकारी बँक झाली. शंभर वर्षांहून अधिक काळ चालून एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती अडचणीत आली आणि तिचे व्यवहार बंद पडले. थेंबे थेंबे साचलेल्या तळ्याचा बांधही पिढीगणिक तपासावा लागतो. पहिल्या पिढीचा सभासद आपल्या शेजाऱ्याच्या पैशाला जपत होता. तो शेजार विसरला गेला की नियमांची पुस्तके कितीही जाड झाली तरी उपयोग होत नाही.

हैदराबादच्या आम्हा मराठी मंडळींना या चरित्रातून घेण्यासारखे काय आहे? राजे गेले, मनसब गेली, योमिया गेला, आणि ते जाणेच योग्य होते. त्यांच्या जागी आज विधवांचे व वृद्धांचे निवृत्तिवेतन आहे, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या आहेत, सरकारी रुग्णालयांतील सवलती आहेत, बचतगट आणि पतसंस्था आहेत, न्यासांचे निधी आहेत. हे कोणाच्या मर्जीचे दान नाही. ज्याने कर भरला, ज्याच्या वाडवडिलांनी या शहरात घाम गाळला, त्याचा त्यावर अधिकार आहे. असे असूनही जुन्या घरांत अजून अशी माणसे आहेत की, जी अर्धपोटी राहतील, पण अर्जावर सही करणार नाहीत. घराण्याचे नाव जाईल ही त्यांना भीती. ज्या जोतीरावांपुढे उभा महाराष्ट्र वाकतो त्यांच्यासाठी पत्र लिहावे लागले, ज्यांनी राज्यघटनेच्या मसुद्याची धुरा वाहिली त्यांनी दरमहा २५ रुपये सही करून घेतले, हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

आणि सांगून भागणार नाही. बरोबर जाऊन खिडकी दाखविली पाहिजे. कोणता कागद लागतो, कोणत्या महिन्यात अर्ज निघतात, दाखला कोठे मिळतो, अर्ज अडला तर वरच्या कोणाला भेटावे, एवढी माहिती असलेला एक माणूस प्रत्येक आळीत असला तरी पुष्कळ मुलांची शाळा सुटणार नाही. आपल्या गणेशोत्सवांच्या मंडपांत, आपल्या वाचनालयांत, आपल्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांत असे निवृत्त कारकून, शिक्षक, बँकेतले लोक थोडेथोडके नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज तपासण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ शेजाऱ्याचा अर्ज लिहिण्यात घालवावी. सयाजीराव होणे कोणाच्या हाती नाही. केळुसकर गुरुजी होण्याला मात्र एक पेन आणि थोडी आस्था पुरते.